‘किती भेटले?’ एवढंच बाबा म्हणाले

ताई, नमस्कार.

मी २६ वर्षांचा आहे. गाव यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यात. दोन वर्षांपासून बेंगळुरूला नोकरी करतो. घरी आई, बाबा, लहान बहीण, सहा एकर कोरडवाहू आणि एक बैलजोडी. यंदा बाबांचा उजवा खांदा धरलाय, म्हणून पोळ्यात एक बैल मी धरायचा असं जूनमध्येच ठरलं होतं. खांदमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसातचं नागपूरचं विमान होतं. चार वाजेपर्यंत घरी पोचलो असतो.

विमानतळावर गेटपाशी घोषणा झाली. जागांपेक्षा दोन प्रवासी जास्त झालेत, कोणी उद्या जायला तयार असेल तर सहा हजारांचं कूपन, रात्रीचं हॉटेल आणि दुसऱ्या दिवशीची पक्की जागा. मी हात वर केला. खोटं सांगत नाही, डोक्यात पहिला विचार कापसाचा आला. क्विंटलभर कापूस घरात यायला काय लागतं ते मी लहानपणापासून बघतोय, आणि इथे नुसतं एक दिवस थांबायचे सहा हजार. वाटलं, पोळा तर उद्या आहे, दुपारपर्यंत पोचतोच. बहिणीला मेसेज टाकला आणि हॉटेलवर जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशीचं विमान पावणेअकराचं. नागपूरलाच साडेबारा वाजले. सणामुळे गाड्या कमी, यवतमाळहून पुढे तर काही मिळेचना. घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. पोळा फुटला होता. माझा बैल शेजारच्या दहावीतल्या पोरानं धरला होता. बाबा ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो. ते म्हणाले, “किती भेटले?” मी म्हटलं, “सहा हजार, पण नगदी नाही, कूपन आहे.” ते उठून गोठ्यात गेले.

पुढचे तीन दिवस कामापुरतं बोलले. आता फोन केला की आईच्या हातात देतात. आई म्हणते, निवळेल. ऑफिसातला मित्र म्हणतो, तुला फसवलं, कायद्यानं वीस हजार मिळतात. त्या कूपनातून आईबाबांना एकदा विमानानं तिरुपतीला न्यावं असं मनात होतं, तर ते फक्त माझ्याच नावावर चालतं असं आता कळलं, तेही सहा महिन्यांत.

ताई, माझं चुकलं का? चुकलं तर किती?

– एक वाचक, घाटंजी तालुका

•

माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे, म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी मित्राच्या वीस हजारांचं बघू. तो हिशेब आहे, आणि हिशेब मांडून मोकळं होता येतं. बाबांचं तसं नाही, त्याला वेळ लागेल.

विमान कंपन्या जागांपेक्षा थोडी जास्त तिकिटं विकतात, हे उघड आहे. आपल्याकडे लग्नाच्या पाचशे पत्रिका वाटल्या तरी आचाऱ्याला कोणी पाचशेचा स्वयंपाक सांगत नाही. सगळे येत नसतात, हे घरातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असतं. विमानाचंही तेच. कोणाची बैठक लांबते, कोणाला ताप येतो, कोणी रस्त्यात अडकतं. विमान उडालं की रिकामी राहिलेली जागा नासलेल्या भाजीसारखी, तिचा पैसा पुन्हा उभा होत नाही. म्हणून अंदाज बांधून चार तिकिटं जास्त विकतात आणि बहुतेक दिवशी अंदाज जमतो. सणासुदीला सगळेच हजर होतात आणि तिथे फसतो. एसटी असती तर उभ्यानं गेले असते लोक. विमानात ती सोय नाही.

अशा वेळी काय करायचं याचा आपल्या देशात नियम आहे. डीजीसीएनं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं, तो २०१० मध्ये काढला आणि २०१६ मध्ये त्यातली भरपाई बरीच वाढवली. नियम सांगतो की कंपनीनं पहिल्यांदा प्रवाशांना विचारायचं, कोणी आपखुशीनं जागा सोडतंय का. जो सोडेल त्याला काय द्यायचं ते कंपनीनं ठरवायचं. इथे सरकारनं आकडा घातलेला नाही. कूपन देतील, पैसे देतील, सहा हजार देतील नाहीतर तीन. तू हात वर केलास तो इथे.

कोणीच तयार झालं नाही आणि कंपनीनं पक्कं तिकीट असलेल्या, वेळेत पोचलेल्या माणसाला त्याच्या मनाविरुद्ध खाली ठेवलं, तर मात्र आकडे लागू होतात. मूळ वेळेपासून तासाभरात सुटणाऱ्या दुसऱ्या विमानात बसवलं तर काही नाही. २४ तासांच्या आत सुटणारं विमान दिलं तर एका बाजूच्या मूळ भाड्याच्या आणि इंधन आकाराच्या दुप्पट, जास्तीत जास्त १०,००० रुपये. २४ तासांपलीकडचं दिलं तर चौपट, जास्तीत जास्त २०,००० रुपये. आणि दुसरं विमानच नको म्हटलं, तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर तीच चौपट भरपाई.

तुझ्या मित्रानं यातला शेवटचा मोठा आकडा लक्षात ठेवला. ती कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाच्या हातात पडणारी रक्कम नाही. गुणाकार तिकिटाच्या पूर्ण किमतीवर होत नाही, त्यातले विमानतळाचे आकार आणि कर वगळून उरतं त्या मूळ भाड्यावर होतो. समज तुझं मूळ भाडं इंधन आकार धरून ३,५०० होतं. साडेसातचं विमान सोडून दुसऱ्या दिवशी पावणेअकराचं मिळालं, म्हणजे सव्वासत्तावीस तास. मनाविरुद्ध ठेवलं असतं तर चौपट, १४,००० रुपये. तेही तुलाच ठेवलं असतं तर. दोन माणसं कमी करायची होती आणि त्या दोघांत तू असशीलच याची काही खात्री नव्हती. तेव्हा तुला कोणी लुबाडलेलं नाही. तू भाव न विचारता माल दिलास, इतकंच.

आणि भाव विचारता येतो, बाळा. हे गावाकडून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आपल्या पोरांना कोणी सांगत नाही, म्हणून जरा खोलात सांगते.

जागा सोडणाऱ्याला मोबदला द्यायची ही रीत अमेरिकेतली. ज्युलियन सायमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ती सुचवली. तोवर कंपन्या परस्पर कोणाला तरी खाली उतरवायच्या आणि तो माणूस भांडत बसायचा. सायमनचं म्हणणं होतं की प्रत्येक प्रवाशाला एक पाकीट आणि एक कागद द्या. मी थांबायला तयार आहे, पण कमीत कमी अमुक रक्कम घेईन, असं ज्यानं त्यानं लिहावं. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी त्याला ते पैसे द्यावेत आणि ठेवून घ्यावं. आपल्या बाजार समितीतला हर्रास, म्हणजे लिलाव, उलटा केला तर जे होईल ते. कंपन्यांना हे कित्येक वर्षं पटलं नाही. १९७८ मध्ये अमेरिकी सरकारनं आधी खुशीनं थांबणारे शोधा असा नियमच केला, तेव्हा ते सुरू झालं. आपल्या नियमातला ‘आधी विचारा’ हा भाग त्याच वळणाचा आहे.

मला यातली पाकिटाची गोष्ट फार आवडते. ज्याला घाई नाही तो कमी आकडा लिहील. ज्याची आई दवाखान्यात आहे तो लिहिणारच नाही. दोघांचंही भलं होतं, आणि कोणावर जबरदस्ती होत नाही. फक्त एक पाहिजे, आपला आकडा किती ते लिहिणाऱ्याला ठाऊक पाहिजे.

तुझ्याकडे आकडा नव्हता. त्यांनी सहा सांगितले, तू घेतले. कंपनीनं सांगितलेला आकडा हा पहिला आकडा असतो. गेटवर वेळ सरत असते, माणसं मिळत नसली की तो वाढतो. “कूपन नको, रोख किंवा खात्यात द्या,” असं म्हणता येतं. पुढच्या विमानात जागा पक्की आहे की यादीत नाव आहे, हे विचारता येतं. कूपन किती दिवस चालेल, कोणाच्या नावावर चालेल, सणाच्या दिवसांत चालेल का, तिकीट स्वस्त पडलं तर उरलेले पैसे राहतात की बुडतात, जेवण कोण देणार, हॉटेलवर नेणार-आणणार कोण, आत दिलेली बॅग काढून देणार का, हे सगळं हो म्हणण्याआधी विचारायचं आणि कागदावर किंवा ईमेलवर घ्यायचं. काउंटरवरच्या मुलीला याचा राग येत नाही, ती रोज हेच करते. आणि आपल्यासाठी सगळ्यांत मोठा प्रश्न तर तिच्या यादीत नसतोच. तिच्या कॉम्प्युटरवर तुझा प्रवास नागपूरला संपतो. बुटीबोरी, वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ आणि तिथून घाटंजी, हा रस्ता तिला दिसत नाही. दुपारी साडेबाराला नागपूर म्हणजे संध्याकाळी सातला घर, तेही सणाच्या दिवशी, हे तुलाच मोजायचं होतं.

एक माझ्यावर आलेलं सांगते. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून दिल्लीला निघाले होते. वेळेआधी दीड तास काउंटरवर हजर. मुलगा म्हणाला, मॅडम, विमान भरलंय, संध्याकाळच्या विमानानं पाठवतो, इथे सही करा. कागद इंग्रजीत, बारीक अक्षरात. चष्मा काढून वाचला तर त्यात लिहिलं होतं की मी माझ्या खुशीनं जागा सोडत आहे. मी म्हटलं, बेटा, मी कुठे खुशीनं सोडतेय? तुम्ही ठेवताय मला. तो म्हणाला, नुसती फॉर्मॅलिटी आहे. मी सही केली नाही. मनाविरुद्ध थांबवलं असं लिहून द्या म्हटलं आणि तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. वीस मिनिटांनी त्यांचा साहेब आला, त्यानं तसं लिहून दिलं. माझं मूळ भाडं ४,२०० होतं, ८,४०० रुपये खात्यात आले. दोन ईमेल लिहावे लागले आणि तीन आठवडे गेले, पण आले. त्या एका सहीवर सगळं अवलंबून होतं. ‘खुशीनं’ हा शब्द ज्या कागदावर असेल त्यावर सही करताना खुशी खरंच आहे का ते स्वतःला विचारावं.

कंपन्यांनी हे पैसे बुडवले तर दाद लागते. २०२२ मध्ये एका मोठ्या कंपनीला डीजीसीएनं याच कारणावरून १० लाख रुपये दंड केला होता. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करायची, नाही ऐकलं तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर, किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच, यवतमाळलाही आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी लागत नाही. तुझ्या बाबतीत तक्रारीसारखं काही नाही, तू स्वतः हात वर केला होतास. फक्त कूपनाच्या अटी त्या वेळी सांगितल्याच नव्हत्या असं असेल, तर तेवढं कंपनीला लिहून बघ. मुदत वाढवून देतात कधी कधी.

आता बाबा.

तू लिहितोस, “पोळा तर उद्या आहे.” ही ओळ वाचून मी पत्र खाली ठेवलं. तू गावात वाढलास, तुला मी खांदमळणी काय सांगू? तरी सांगते, कारण दोन वर्षांत शहरात ती गोष्ट ‘आदला दिवस’ होऊन गेली असावी.

माझे वडील त्या दिवशी बैलांना नाल्यावर धुऊन आणायचे. संध्याकाळी गोठ्यात कंदील, हळद घातलेलं तूप वाटीत कोमट केलेलं, आणि पळसाची पानं. जू बसून बसून बैलाच्या खांद्यावर जिथे कातडं जाड आणि काळं पडतं, तिथे ते हातानं तूप जिरवायचे. नुसतं लावायचे नाहीत, जिरवायचे. अंगठ्यानं कडेकडेनं चोळत आत यायचे, वर पळसाचं पान दाबायचे. पहिल्यांदा बैल कातडं थरथरवतो, मग मान खाली सोडतो. मान सोडली की वडील थांबायचे. मग कानाशी जाऊन म्हणायचे, “आज आवतन घ्या, उद्या जेवायला या.” वर्षभर ज्यांच्या खांद्यावर ओझं दिलं त्यांना हात जोडून आमंत्रण. त्या वेळी घरातलं कोणी मध्ये बोलायचं नाही. दुसऱ्या दिवशीची झूल, बेगड, घुंगरं, तोरण, झडत्या म्हणजे पोळ्यातली गाणी, हे सगळं गावाला दाखवायचं असतं. आदल्या संध्याकाळचं मात्र शेतकऱ्याचं आणि त्याच्या बैलाचं असतं.

यंदा तुझ्या बाबांचा स्वतःचाच खांदा दुखत होता. दोन बैलांचे खांदे त्या दुखऱ्या हातानं त्यांनी एकट्यानं मळले. तुझ्याविना बैल तोरणाखाली आले, ते गावानं पाहिलं. गोठ्यात तू नव्हतास ते फक्त त्यांनाच ठाऊक आहे. मला विचारशील तर त्यांना तेच जास्त लागलं असावं. जूनपासून ठरलेलं होतं, म्हणजे जूनपासून ते मनात धरून होते.

आणि “किती भेटले?”

तू तो टोमणा धरून बसलायस. मला तसं वाटत नाही, निदान सगळाच टोमणा वाटत नाही. आपल्या भागात कापूस विकून बैलगाडी नाहीतर मेटॅडोर गावात परत आला की पारावरचा माणूस पहिला हाच प्रश्न करतो. बायको पाण्याचा तांब्या देते आणि हेच विचारते. विकून आलेल्याला याहून वेगळं विचारायचं असतं हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. त्यांच्या पोरानं काहीतरी विकलं होतं, त्यांनी भाव विचारला. कदाचित त्यांना ऐकायचं होतं की चांगला भेटला, पोरगं फसलं नाही. तू म्हणालास, नगदी नाही, कूपन आहे.

ते ऐकून ते उठले, यात मला नवल वाटत नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये आहे. त्यातही ओलावा जास्त भरला की भाव कापतात, कुठे व्यापारी आधी चिठ्ठी देतो आणि पैसे पुढच्या आठवड्यात देतो. चिठ्ठीवर माल देऊन हात पोळलेली ही माणसं आहेत. ज्या दुकानात माल दिला त्याच दुकानात खर्च करता येईल असा कागद पोरानं घेतला, आणि त्यापायी खांदमळणी सोडली. तू कापसाची आठवण काढून हात वर केलास, हे मला खरं वाटतं आणि त्याबद्दल मला तुझी माया येते. पण तुझ्या बाबांनी क्विंटल चिठ्ठीवर दिला नसता.

तू विचारलंस, चुकलं तर किती. जागा सोडण्यात काही चूक नव्हती. उद्या एखाद्या साध्या शनिवारी पुन्हा विचारलं आणि घरी कोणी वाट बघत नसेल, तर खुशाल सोड, चांगला भाव मागून सोड, कोणाची तरी सोय होईल. चूक अशी झाली की त्या जागेची किंमत तू एकट्यानं लावलीस. त्या पाकिटातला आकडा लिहिताना तुझा एक दिवस धरलास. बाबांचा खांदा धरला नाहीस, आईनं उद्यासाठी भिजत घातलेली चण्याची डाळ धरली नाहीस, बहिणीला दारापाशी मेढे, म्हणजे पळसाच्या फांद्या, ठेवायला जो दादा पाहिजे होता तो धरला नाहीस. गेटवर उभा राहून बाबांना एक फोन केला असतास, “बाबा, असं असं विचारतात, थांबू का?” तर दोन मिनिटं लागली असती. ते नाही म्हणाले असते तर आला असतास. थांब म्हणाले असते तर तो त्यांचाही सौदा झाला असता, आणि सात वाजता तू पोचल्यावर त्यांनीच गावाला सांगितलं असतं की पोराला विमानवाल्यांनी थांबवून घेतलं, वर पैसे दिले. तू बहिणीला मेसेज केलास. बाबांना ते बहिणीच्या तोंडून कळलं. चूक तेवढी. ती मोठी आहे, पण तिच्यावर उपाय आहे.

आई म्हणते निवळेल. आयांना निवळण्यावर फार विश्वास असतो, मलाही आहे, पण इथे तू वाट बघू नकोस. बाबा जितका वेळ गप्प राहतील तितकं बोलणं त्यांनाच अवघड होत जाईल. बापाला आधी बोलायला लावणं हे मुलानं करू नये.

फोन कर. आईच्या फोनवर नको, बाबांच्या फोनवर, आणि सकाळी, ते वावरात जायच्या आधी. त्यांनी आईकडे दिला तर आईला सांग, स्पीकर लाव आणि त्यांच्याजवळ ठेव. कूपन, वीस हजार, कंपनीचे नियम, यातलं काही सांगू नकोस. मी वर जो हिशेब मांडला तो तुझ्यासाठी होता, त्यांच्यासाठी नाही. एवढंच म्हण: “बाबा, मला तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. खांदमळणीले मी गोठ्यात पाहिजे होतो.” त्यानंतर गप्प राहा. ते ‘हूं’ म्हणतील किंवा काहीच म्हणणार नाहीत. चालेल. फोन ठेवायची घाई करू नकोस, त्यांना ठेवू दे. मग खांद्याचं विचार. यवतमाळला डॉक्टरकडे दाखवलं का, चोळायला काय लावतात, रात्री झोप लागते का. यंदा हा खांदा घेऊन ते वेचणीची पोती उचलणार आहेत, हे मला तुझ्या पत्रातलं सगळ्यांत काळजीचं वाटलं, आणि तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलास.

तिरुपतीचं सध्या राहू दे. ते कूपन त्यांच्या नावावर चालत नाही, हे एका परीनं बरंच झालं. चुकीच्या बदल्यात विमानाची फेरी दाखवली असती, तर ती त्यांना भरपाईसारखी लागली असती, आणि त्यांनी तुझ्याकडे भरपाई मागितलेली नाही. आईबाबांना विमानानं ने, जरूर ने, पण पुढच्या वर्षी, तुझ्या पगारातून, दोन्ही सौदे एकमेकांत न मिसळता.

कूपन तुझ्या नावावर आहे, तर तुलाच घरी आणायला वापर. पोळा गेला, तो आता पुढच्या श्रावणातल्या अमावास्येला. पण दसरा-दिवाळीच्या सुमाराला वावरात पहिली बोंडं फुटतील आणि वेचणी लागायच्या आधी घरी सीतादही होईल. दहीभात घेऊन वावरात जायचं, पहिल्या झाडांपाशी पूजा करायची, मग पहिला कापूस ओटीत घ्यायचा. तिथे पाहुणे नसतात, गाव नसतं, घरचीच माणसं असतात. खांदमळणीसारखंच ते. दिवस कोणता धरलाय ते बाबांना विचार, आईला नको. ते सांगतील. शेतीचा दिवस विचारला तर शेतकरी गप्प राहू शकत नाही.

दिवस कळला की लगेच तिकीट काढ, दिवाळीच्या तोंडावर कूपन चालत नाही असं कंपनी म्हणायच्या आत. आदल्या दिवशीचं सकाळचं विमान बघ, म्हणजे नागपूरहून उजेडात घर गाठशील. आणि परतीचं तिकीट त्याच रविवारचं काढू नकोस. चार दिवस वेचणीचे धरून काढ, पोती तुला उचलायची आहेत.